उंबरा वळणापर्यंत

गोदूआत्या भनपुरीहून निघाल्या तेव्हा लोकांची दुपारची जेवणं चालली होती. आत्यांना स्वतःला उपास होता. उन्हं कलली तेव्हा त्यांची ई-रिक्षा रायपूरच्या शंकर नगरातल्या गल्लीच्या वळणावर पोचली आणि तिथं जी थांबली ती थांबलीच. घराच्या फाटकातून वळणावरचा त्यांचा हिरवा पदर दिसत होता. हाक मारली तर ऐकू गेली असती, पण मधे इतके हॉर्न होते की ओरडणाऱ्यालाच आपण काय ओरडलो ते कळत नव्हतं.

इकडे घरात महालक्ष्म्या बसल्या होत्या. ज्येष्ठा, कनिष्ठा, त्यांची दोन लेकरं, वर टांगलेला फुलोरा, पुढ्यात सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, कढी. आणि या सगळ्यासमोर उपाशी माणसं. देवींच्या मुखवट्यावरचं प्रसन्न हसू सकाळी फार गोड वाटलं होतं. आता ते मुद्दाम हसत असल्यासारखं वाटायला लागलं होतं. या घरची रीत अशी, की महालक्ष्मीच्या जेवणाचा पहिला घास घरच्या लेकीनं घ्यायचा. लेक म्हणजे घरधनी बाबारावांची थोरली बहीण. गोदूआत्या सवाष्ण म्हणून पाटावर बसल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या पानात मीठसुद्धा पडत नसे.

"येते, येते," बाबाराव येरझारा घालत म्हणाले. "दिसून तर राहिली."

"चंद्रही दिसते," त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांची सून क्षमा कढी ढवळत चेहरा काळजीचा ठेवून होती. हे सोपं नव्हतं, कारण आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

गोष्ट अशी होती की क्षमाची नोकरी मंत्रालयात, आणि मंत्रालय नया रायपूरला गेल्यापासून ती रोज स्टाफच्या बसनं तिकडे जात होती. आता तिच्या नावानं तिकडे दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर निघालं होतं. सोमवारी चावी घेतली तर तिचं, नाहीतर पुढच्याचं. तिकडचे रस्ते एवढे रुंद होते की ओलांडताना मधेच तहान लागे, आणि माणूस औषधालाही नाही. एका दुपारी तिनं तिथं कुत्र्याला जांभई देताना पाहिलं होतं. बिचाऱ्याला भुंकायलाच कोणी नव्हतं. क्षमाला त्या कुत्र्याचा हेवा वाटला होता.

काल जेवताना तिनं हे घरात सांगितलं आणि घरात तट पडले. गौतम, म्हणजे तिचा नवरा, खोलीत तिला होकाराचं 'हव' म्हणाला आणि ओसरीवर बाबांना 'हव' म्हणाला. पद्मिनीबाई डाळ निवडत राहिल्या. क्षमा शेवटी चिडून म्हणाली, "बाबा, या गल्लीत माणसाले येता येत नाही अन् आलेल्याले जाता येत नाही. हे काय राहणं आहे का?" त्यावर बाबारावांनी मांडीवर थाप मारली.

"ठीक आहे. उद्या दिवा लागायच्या आत गोदू या घरात पाटावर बसली, तर क्वार्टरचं नाव काढायचं नाही. नाही बसली, तर मी सोता तुझं सामान ट्रकमधे चढवून देतो."

म्हणून क्षमा कढी ढवळत होती आणि मनात ट्रॅफिकला आयुष्य चिंतत होती.

बाबारावांनी रेल्वेत असताना हे घर बांधलं, तेव्हा नातेवाईक विचारायचे, एवढ्या आडरानात राहून कोल्ह्यांशी गप्पा मारता का? मग राज्य झालं. राजधानी झाली. राजधानी म्हणजे काय, तर तुमच्या फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी राहते, तिच्यावर 'छत्तीसगढ़ शासन' लिहिलेलं असतं, आणि ती कोणाची हे गल्लीत कोणालाच माहीत नसतं. शेजारची घरं आधी वर वाढली. वर जागा संपली तेव्हा ती पुढे वाढली. कोणाच्या पायऱ्या रस्त्यावर आल्या, कोणाच्या कुंड्या, कोणाचा जनरेटर. बाबाराव तत्त्वाचे, त्यांनी वीतभरही घर पुढे सरकवलं नाही. त्यामुळे अख्ख्या गल्लीला गाडी वळवायला त्यांचं फाटक तेवढं सापडत असे.

पण खोटं कशाला बोला, मजाही होती. क्षमा मूळची आर्वीची. आर्वीत कोथिंबीर संपली की संपली. इथं खिडकीतून ओरडलं की कोथिंबीर यायची. पंडरीच्या कापडबाजारातून सकाळी आणलेली साडी सासूला आवडली नाही, तर दुपारी बदलून मिळायची आणि पुन्हा न आवडायला संध्याकाळपर्यंत वेळ असायचा. शिवाय ऑफिसमधून येताना वळणावर उभं राहून ती पोटभर गुपचुप, म्हणजे इकडची पाणीपुरी, खायची. सासरचं कोणी बघेल ही भीती नव्हती. एकदा तर बाबाराव तिच्या शेजारीच उभे राहून गुपचुप खात होते, आणि गर्दीमुळे दोघांनाही ते घरी येऊन पोट दुखल्यावरच कळलं.

फोन वाजला. गौतम स्कूटर घेऊन आत्याला आणायला गेला होता आणि आता तोही आत्यामागे अडकला होता.

"काय झालं?" क्षमानं विचारलं.

"कोणाचा तरी ताफा येऊन राहिला म्हणते. मेन रोड रोकून ठेवला. तर एक सिटी बस शॉर्टकट म्हणून गल्लीत घुसली. आता ते आडवी आहे."

"आडवी म्हणजे?"

"म्हणजे तिच्यासमोर गणपतीचा मंडप अन् मागं पाण्याचा टँकर. ड्रायव्हर उतरून चहा पिऊन राहिला."

"मग आत्याले स्कूटरवर घे ना," क्षमा म्हणाली, आणि तो 'हव' म्हणेल या भीतीनं तिनं डोळे मिटले.

"स्कूटर फिरवाले जागा कुठं आहे? अन् आत्या उतरतच नाही. तिचे गुडघे तुले माहीत आहेत. म्हणते, या गर्दीत पाय खाली ठेवला तर परत भेटणार नाही."

"अरेरे," क्षमा म्हणाली, आणि खुशीत कढीला दुसरी फोडणी दिली.

बाबाराव मात्र हार मानणारे नव्हते. ते रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर त्यांनी हिरवी झेंडी दाखवली की गाडी सुटत असे. ते फाटकात गेले, खांद्यावरचा हिरवा पंचा उंच धरला आणि दोनदा हलवला. काहीच हललं नाही. टँकरवाल्यानं फक्त तो पंचा विकायला आहे का म्हणून विचारलं.

ते तणतणत आत आले. "ताट वाढ. मी नेऊन देतो तिले."

"काहून?" पद्मिनीबाईंनी पदर खोचला. "महालक्ष्मीचं अन्न उंबऱ्याबाहेर जात नाही. तुमच्या आईनं कधी एक शीत जाऊ दिलं नाही."

"मग इथून पाहत पाहत तिले मरू द्यायची?"

"ते गुरुजींना विचारा."

श्रीपाद गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दिवसा ते एका कार्यालयात कारकून होते आणि संध्याकाळी गुरुजी. दोन्ही ठिकाणी त्यांचा सल्ला एकच असे, 'थोडं थांबा'. पण सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं, आणि भुकेल्या माणसाला शास्त्र फार लवकर सापडतं.

"उंबऱ्याबाहेर नाही, हे बरोबर," ते डोळे न उघडता म्हणाले. "पण उंबरा कुठं पाहिजे, हे पोथीत नाही."

"उंबरा दारात असते, गुरुजी," क्षमा घाईनं म्हणाली.

"हे झालं आर्किटेक्टचं मत." गुरुजींनी एक डोळा उघडला. "आमच्यात लक्ष्मीची पावलं जिथून काढता, तिथून घर सुरू. ती कुठून काढावी याले बंदी नाही."

बाहेर टँकरनं हॉर्न दिला. बाबारावांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं ते पाहून क्षमा तावातावानं पुढे झाली.

"बाबा, हे चीटिंग आहे. रस्ता नगर निगमचा आहे!"

"समोरच्याच्या जनरेटरखालचाही निगमचाच आहे. साऱ्या गल्लीनं सिमेंटनं घर वाढवलं. मी एकटा सरळ राहिलो. आज पिठानं वाढवतो. शर्मिष्ठा! तांदळाचं पीठ आण!"

शर्मिष्ठा ही गौतमची धाकटी बहीण, अजून बिनलग्नाची, म्हणून पहिला घास काही तिला चालत नव्हता. तिला मराठी सगळं कळत असे, उत्तर मात्र ती हिंदीत देई, अगदी देवालासुद्धा. ती पिठाची वाटी घेऊन फाटकाबाहेर बसली आणि तिनं भराभर पावलं काढायला सुरुवात केली. पद्मिनीबाई किंचाळल्या.

"अगं थांब, पोट्टे! बोटं रस्त्याकडं! लक्ष्मीले घरातून हाकलून राहिली का?"

"तो उल्टा चलूँ?"

"हव, उलटी चाल. बोटं घराकडं पाहिजे."

पहिली पावलं घाईनं पुसली गेली. मग शर्मिष्ठा कमरेत वाकून, पाठ वळणाकडे करून, एकेक पाऊल मागे सरकत निघाली. ज्या गर्दीनं तासन्‌तास एका स्कूटरला वाट दिली नव्हती, तिनं पिठाच्या पावलांना दिली. मोटारसायकली तिरक्या झाल्या. भाजीवाल्यानं ठेला उचलून धरला. पांढरी शासकीय गाडी मधे आली तेव्हा शर्मिष्ठानं क्षणभर विचार केला आणि पावलं बॉनेटवरून नेली.

वळणावरच्या शिपायानं विचारलं, "दीदी, ये क्या कर रहे हो?"

"घर बढ़ा रहे हैं, भैया."

"परमिशन है?"

"देवी की है."

शिपायानं बूट उचलला, खाली पाऊल नाही ना ते पाहिलं, आणि पुढची बरीच मिनिटं तो एका पायावर उभा राहून वाहतूक सांभाळत होता. दोन पायांवर असताना जमलं होतं त्याहून वाईट काही झालं नाही.

मागून मिरवणूक निघाली. पुढे पाट घेतलेले बाबाराव, मग पळी-पंचपात्र घेतलेले गुरुजी, मग पद्मिनीबाई. सगळ्यांत मागे ताट घेतलेली क्षमा. आपल्याच पराभवावर पुरणपोळी वाढून ती निघाली होती, वर तूपही तिनंच घातलं होतं.

ई-रिक्षात समोरासमोर बाकं असतात ही सोय कोणी केली त्याचं भलं होवो. एका बाकावर पाट, पाटावर गोदूआत्या, समोरच्या बाकावर ताट.

"आला का मुहूर्त?" आत्या म्हणाल्या. "मी इथं बसून टँकरचा नंबर पाठ केला."

"आत्या, तुम्ही आता घरात आहात," क्षमा कोरड्या आवाजात म्हणाली.

"असं का? मग पंखा लाव."

आत्यांनी आचमन केलं, पहिला घास घेतला, डोळे मिटले. "कढीले दोनदा फोडणी दिली का ग? छान झाली." क्षमानं मान खाली घातली. बाबारावांनी पश्चिमेकडे पाहिलं. इमारतींच्या मधे सूर्याची एक लाल कड अजून शिल्लक होती.

"गोदू बसली!" ते शिपायाला साक्षी ठेवून ओरडले. "घरात, पाटावर, दिव्याच्या आत!"

"हव बाबा," क्षमा म्हणाली. "हरली मी."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. त्या क्वार्टरला एक गॅलरी होती. तिनं मनात तिथं एकच खुर्ची ठेवली होती.

एवढ्यात ई-रिक्षावाल्या धर्मपालनं घसा साफ केला. "अम्मा, फिर मैं भी घर के अंदर हूँ क्या?"

पद्मिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आजच्या दिवशी घरात आलेला माणूस उपाशी जात नाही, ही रीतही याच घरची होती.

"हव," त्या म्हणाल्या. "हात धुवून ये."

इथवर सगळं आटोक्यात होतं. पण शर्मिष्ठानं काढलेली पावलं वळणापर्यंत येताना आडव्या बसच्या दाराखालून आली होती, आणि बस तीजाहून परतणाऱ्या बायकांनी भरलेली होती. तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, इकडच्या साऱ्या लग्न झालेल्या बाया माहेरी जातात, नवऱ्यासाठी कडक उपास करतात, आणि माहेरच्या नव्या साडीत, मांडीवर गाठोडं घेऊन परततात. त्यातली एक दारात उभी राहून खाली बघत होती.

"का पूजा ए दाई?"

"महालक्ष्मी," पद्मिनीबाई म्हणाल्या.

बाईनं मागे वळून बातमी दिली. "लछमी के पाँव ह हमर बस तक आ गे हे!"

आणि ती उतरली. तिच्यामागून दुसरी उतरली. मग पावलांवर पाय पडू नये म्हणून साड्या वर खोचत, एकमेकींना धरत, अख्खी बस उतरली. लाल, पिवळ्या, जांभळ्या साड्या, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या. गुरुजींच्या हातातली पळी पडली.

"पद्मिनीवहिनी," ते म्हणाले, "सकाळपासून आपल्याले एक सवाष्ण भेटत नव्हती."

पद्मिनीबाई मागे वळल्या. "क्षमा, कढीत पाणी घाल. पोळ्यांचे चार-चार तुकडे कर. गौतम, स्कूटर मरू दे, बादली धर!"

पुढचा तास क्षमाला नीट आठवत नाही. गल्लीच्या दोन्ही कडांना, जनरेटरच्या आडोशाला, शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर, कुंड्यांच्या मधे बायका बसल्या होत्या. लोकांनी घरं पुढे आणली म्हणून बाबाराव जन्मभर शिव्या देत आले, पण एवढी पंगत बसवायला तेच ओटे कामाला आले. शेजारणींनी आपापले भात आणले. हरभऱ्याची डाळ संपली तेव्हा कोणाचं तरी वरण आलं. सोळा भाज्या पातळ होत होत शेवटी एकच भाजी झाली, पण ती सगळ्यांना पुरली.

आणि मग क्षमाच्या लक्षात आलं की तिला मजा येतेय. ती वाढत होती, बायका खात होत्या, "बने हे", छान आहे, म्हणत होत्या आणि पुढे सरकत होत्या. कोणी विचारलं नाही की गोड बातमी कधी देणार. कोणी विचारलं नाही की पोळीला एवढं तूप माहेरी लावतात का. एका म्हातारीनं गाठोड्यातून बेसनाची कुरकुरीत ठेठरी काढून तिच्या हातावर ठेवली, "ले बहू, तहूँ खा," आणि ती नाव न विचारता निघूनही गेली. इतकं सुखाचं नातं क्षमाला आजवर लाभलं नव्हतं.

अंधार पडला तेव्हा ताफा कधीचाच गेला होता. बस सरळ झाली, टँकर हलला, ई-रिक्षा आत्यांसकट फाटकाशी आली. क्षमा फाटकाच्या पायरीवर बसली. पद्मिनीबाई शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"सोमवारी चावी आण."

"आई? पण पैज..."

"पैज त्याहीनं लावली, मी नाही. मी येऊन राहिली तुझ्यासंग." त्यांनी पाय लांब केले. "लग्न झाल्यापासून जो येईल त्याले वाढून राहिली. मले एकदा दार लावून, एकटीनं, तव्यावरची गरम पोळी खायची आहे."

क्षमाला वाटलं, सासूच्या गळ्यात पडावं. पण या घरात हळूच बोललेलं आधी ऐकू जातं.

"मग मीही येते," गोदूआत्या रिक्षातून म्हणाल्या. "भनपुरीत ट्रकचा धूर खाऊन खाऊन कंटाळली मी. तिकडची हवा गुडघ्याले चांगली म्हणते."

"मैं भी," शर्मिष्ठा म्हणाली. "उधर पार्किंग तो है."

"हव," गौतम बादली घेऊन म्हणाला.

बाबारावांचा चेहरा उतरला. "अन् मी?"

"तुम्ही जिंकले ना?" पद्मिनीबाई म्हणाल्या. "राहा मग इथं, हिरवा पंचा हलवत."

बाबारावांनी गल्लीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग ते ताडकन वळले, दारातून आत महालक्ष्म्यांकडे हात जोडले आणि सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवीसमोर सांगून राहिलो. मीही चाललो नया रायपूरले! तिकडं गर्दी नाही ना? मी करतो!"

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी जरा जास्तच वाजवल्या.

क्षमा बसल्या जागी दोन खोल्यांत माणसं मांडू लागली. बाबा गॅलरीत. आत्या दिवाणखान्यात, कारण गुडघे. शर्मिष्ठा जिथं चार्जर असेल तिथं. गुरुजींना आठवड्यातून एकदा तरी जेवायला. खुर्चीला कुठंच जागा उरेना. सगळे तिच्याभोवती उभे राहून एकाच वेळी बोलत होते, कोणता पलंग न्यायचा, संडास कोणत्या दिशेला आहे.

त्या आवाजातून सुटायला तिनं मान वळवली, आणि तिला घर दिसलं.

दार सताड उघडं होतं. समया जळत होत्या, फुलोरा पंख्यानं मंद हलत होता, आणि आत कोणीच नव्हतं. सगळे रस्त्यावर होते. लग्न होऊन आल्यापासून हे घर तिनं रिकामं पाहिलंच नव्हतं. केवढं मोठं होतं! ओसरीत उजेड किती छान पडत होता! वळणावर हॉर्न वाजत होते, पण ते बिचारे तिला काही विचारत नव्हते.

"बाबा," ती उठली. "तुम्ही सारे जा. मी इथंच राहते."

"अगं, क्वार्टर तुझ्या नावावर आहे!"

"नाव राहू द्या तिकडं. मी इथं राहते."

"एकटी? या एवढ्या गर्दीत?"

"हव."

पद्मिनीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग तिची नजर जिकडे होती तिकडे, दारातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी एक लांब, दुःखी, सासूला शोभेल असा उसासा सोडला.

"सुनेले एकटी कशी टाकू?" त्या म्हणाल्या. "मलेही राहावं लागते आता. काय करता!"

"अगं पण तूच आत्ता म्हणे की..." बाबाराव म्हणाले.

"मी पायरीवर बसून म्हटलं. तुम्ही देवीसमोर म्हटलं. तुमचं फिरवता येते का? विचारा गुरुजींना."

गुरुजींचं पोट आता भरलं होतं. त्यांनी डोळे मिटले, थोडं थांबले, आणि फिरवता येत नाही म्हणून सांगितलं.

पैज बाबारावांनी जिंकली होती. सोमवारी सामान त्यांचंच बांधलं गेलं.